नाताळची ताटं
आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळच्या जेवणाला दरवर्षी चंदेरी ताटल्या यायच्या. दिसायला कागदाच्या, पण भिजल्या की वरचं प्लास्टिक सुटून यायचं. चर्च शेवगावजवळच्या एका गावात, मी त्याच गावात शिक्षिका. आठवडाभर मुलांशी कचऱ्याबद्दल बोलायचं आणि रविवारी चर्चमागच्या बाभळीत अडकलेल्या ताटल्या बघायच्या, याचा मला वीट आला होता. शेवटी मी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, या वर्षी स्टीलची ताटं घेऊ. आमच्या बचत गटाकडे दोनशे आहेत.

"बाई, तुमचं बरोबर हाय," थोरले पंच म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. धुणार कोण, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नाताळला मटण-भात झाला. लोक मनापासून जेवले आणि ताटं हौदाशेजारी टाकून पांगले. मी नवी साडी खोचून धुवायला बसले. बायकांना हाका मारल्या. "आलेच बाई, घरी पाहुणे हायत," म्हणत एकेक जण सटकली. थोरले पंच मांडवात सुपारी कातरत होते. त्यांना म्हटलं, दोन माणसं तरी पाठवा.

"ताटं तुमीच आणली ना?" ते म्हणाले. "मग उद्या धुवा की. घाई काय हाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गार पाण्यात चरबी थिजली होती, निघता निघत नव्हती. तीसेक ताटं होईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पृथ्वीच्या काळजीनं नव्हतं. एवढं चांगलं काम करूनही कुणी विचारत नाही, याचं होतं.

तेवढ्यात चर्च झाडणाऱ्या मावशी आल्या. घमेल्यात राख आणि नारळाच्या शेंड्या. समोर बसून त्यांनी एक ताट ओढलं. मी लगेच सुरू झाले, की प्लास्टिक कुजत नाही, माती खराब होते. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "बाई, त्या ताटल्या कुठं जात हुत्या, ठावं हाय का?"

"कुठं?"

"म्याच जाळायचे, सणाच्या दुसऱ्या दिशी. लई घाण धूर. दोन-तीन दिस घशात बसायचा."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मला बैठकीला कोन बोलावतंय? आन् तुमीच एकदा वरडला हुता की माज्यावर. प्लास्टिक जाळती म्हून."

मला आठवलं. खरंच ओरडले होते, तेही शाळेतल्या आवाजात. माझा चेहरा बघून त्यांना हसू फुटलं, मग मलाही. त्यानंतर त्यांनी मला कोरड्या राखेनं आधी चरबी कशी उचलायची ते दाखवलं. मला ते येत नव्हतं. ताटं भराभर निघू लागली आणि बऱ्याच दिवसांत मी कुणाशी इतक्या मोकळेपणी बोलले नव्हते.

"ज्यानं त्यानं घरनं ताट आणावं, धुऊन न्यावं," शेवटचं ताट पालथं घालत त्या म्हणाल्या. "तुमी कशाला हात मोडून घ्येता?"

पुढच्या बैठकीला मी मावशींना शेजारी बसवून घेतलं आणि ते त्यांच्याच तोंडून सांगायला लावलं. "विचार करू," थोरले पंच म्हणाले. ईस्टरला निम्म्या लोकांनी घरून ताटं आणली. उरलेल्यांसाठी पंचांनी मला न सांगता चंदेरी ताटल्या मागवून ठेवल्या होत्या. मी भर मांडवात भांडले. उपयोग शून्य. लोक माझ्याकडे बघत जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी काडी पेटवली नाही. उष्ट्या ताटल्या पोत्यात भरल्या आणि पोतं थोरल्या पंचांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. "तुमी आणल्या, तुमीच बघा," एवढंच म्हणाल्या. मला फार आनंद झाला. तो फारसा ख्रिस्ती आनंद नव्हता, हे कबूल करते.