चातुर्मासातली वांगी

काळ्या मातीत भाजी लावायची असेल तर सगळ्यात आधी पाण्याचा पाइप कुलपात ठेवा. मी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, मुळांच्या आकृत्या फळ्यावर डोळे मिटून काढल्या आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर तिन्ही सडवून दाखवली. रोज सकाळी पाणी घालत होते. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक बाई घालत होती म्हणून. तिची माती लाल होती, हे मला दिसत असूनही दिसलं नाही. आमची वऱ्हाडातली माती पाणी धरून बसते. वरून भेगा पडलेल्या असतात आणि वीतभर खाली चिखल असतो.

अमरावतीच्या आमच्या घरामागे एक मोटार उभी राहील एवढी जागा आहे. भांडण नेमकं त्याच मोटारीचं होतं. माझे यजमान वकील. त्यांच्या घराण्यात आधीच्या पिढ्या पूजा सांगायच्या, नंतरच्या कोर्टात उभ्या राहिल्या, त्यामुळे शेवटचा शब्द आपला असतो ही सवय दोन्हीकडून आलेली. मी अकोल्याहून लग्न होऊन आले तेव्हापासून फरशी कोणती, फाटकाला रंग कोणता, देव्हारा कुठे, हे सगळं मला ठरल्यानंतर कळत आलं. राग यायचा. पण तो वह्या तपासण्यात जिरून जायचा. निवृत्त झाले, वह्या गेल्या, राग राहिला.

उन्हाळ्यात एकदा जेवताना ते म्हणाले, दिवाळीआधी मागे ब्लॉक बसवून घेऊ, गाडी आत घेता येईल. मी म्हटलं, ब्लॉक बसणार नाहीत, तिथे मी भाजी लावणार आहे. ते हसले, कारण सडलेली मेथी त्यांनीच टोपलीत भरून बाहेर टाकली होती. मग त्यांनी वकिली थाटात अट घातली. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत या घरात बाहेरची भाजी शिजायची नाही. शिजली तर ब्लॉक. मी त्याच फणकाऱ्यात हो म्हणून बसले, आणि रात्रभर पडल्या पडल्या मनात दोडके मोजत राहिले.

मला खरी शिकवणी दिली ती आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन येणाऱ्या ताईने. चांदूर बाजारकडे तिचा मळा आहे. तिने कुंपणावरून माझे वाफे पाहिले आणि माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीचा काहीही मुलाहिजा ठेवला नाही.

"मॅडम, मातीत जाची इतकी घाई काहून करून राहिल्या? मुठीत घ्या, दाबा. गोळा करून सोडला अन् तो फुटला तं खुरपी घाला. नाई फुटला तं घरात जा."

याला वाफसा म्हणतात. हा शब्द मी परीक्षेत विचारला असता तर मुलांनी बरोबर व्याख्या लिहिली असती, आणि मी पैकीच्या पैकी गुणही दिले असते. ओल्या काळ्या मातीत खुरपी घातली तर वाळल्यावर विटांसारखी ढेकळं होतात. त्यात मूळ शिरत नाही, पाणीही शिरत नाही. वाफसा आला की दोन दिवसांत सगळं उरकायचं. पावसाने उघडीप दिली की मी दिवसातून तीनदा मूठ दाबून बघायचे. शेजारणी काय म्हणत असतील ते म्हणोत.

बाकीचंही सांगून टाकते. शेणखत जुनं, भुगा झालेलं घ्या. ओलं शेण घातलंत तर वाळवीला आवतण. धणे पेरायच्या आधी चपलेखाली रगडून दोन भाग करा. मी पहिल्या खेपेला सबंध पेरले होते आणि उगवण्याची तीन आठवडे वाट बघितली होती. वांग्याची रोपं उन्हं उतरल्यावर लावा, दोन रोपांत दोन हात अंतर ठेवा. पुढे एखादा शेंडा मलूल होऊन मान टाकताना दिसला तर पाणी घालायला धावू नका. आत अळी बसलेली असते. शेंडा कापून टाका. आणि वाफे वीतभर उंच करा. ताईने बजावलं होतं की कडेला विटा, दगड काहीतरी लावा, नाहीतर जोराच्या पावसात वाफा बसतो. तेवढं एक मी केलं नाही. विटा आणायच्या म्हणजे पुन्हा घरात विचारायचं, आणि मला विचारायचं नव्हतं.

वांग्याची बारा रोपंही तिनेच दिली. काळ्या मातीत वांगं दगा देत नाही, म्हणाली. मी ती आषाढात मोठ्या प्रेमाने लावली.

आता ज्यांच्या घरी चातुर्मास पाळतात त्यांच्या लक्षात आलं असेल. आमच्याकडे आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. चंपाषष्ठीला भरताचा नैवेद्य झाला की मग खायचं. मी सून म्हणून आलेल्या पहिल्या वर्षापासून हे पाळत होते. आणि तरी नवरात्रात घर चालवायला म्हणून मी बारा वांगी लावली. रोपं लावताना मी मनाने बहुतेक शाळेतच होते, घरात नव्हते. हुशार बाईने केलेला असा मूर्खपणा मी दुसरा पाहिलेला नाही.

घट बसले आणि सुरुवात झोकात झाली. दोडके होते, चवळीच्या शेंगा होत्या, पालक होता, मेथी तर शेजारी वाटली. यजमान रोज ताटातली भाजी बघायचे आणि जेवायला लागायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला. तीन दिवस पडला. वाफे ताई म्हणाली होती तसेच बसले, मेथी-पालक चिखलात गेले, दोडक्याचा मांडव आडवा झाला. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा मागे फक्त वांगी उभी होती. धुऊन निघालेली, जांभळी, भरघोस. दिवाळीला सोळा दिवस बाकी होते.

यजमान मागच्या दारात हात पाठीमागे बांधून उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "वांगं आपल्याकडे चालत नाही. म्हणजे भाजी संपली." आणि पिशवी घेऊन बाजारात गेले, बटाटे आणि फुलकोबी घेऊन आले.

मी पिशवीला हात लावला नाही. दोन मोठी वांगी कापून आणली, तेलाचा हात फिरवला आणि गॅसवर ठेवली. मला भीती वाटत होती. ती देवाची नव्हती. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी भीती त्यांचीच होती. वांग्याची साल चरचरायला लागली आणि तो वास देवघरापासून फाटकापर्यंत घरभर झाला. यजमान स्वयंपाकघरात आले. ते चिडले की त्यांची कोर्टातली मराठी गळून पडते.

"तू काहून असा हट्ट करून राहिली?"

"ही जागा मले पाह्यजे म्हणून," मी म्हटलं. "बाकी काही नाही. ही एकच जागा मले पाह्यजे."

त्यांनी बटाटे स्वतः चिरले, स्वतः फोडणीला टाकले. बाहेरची भाजी शिजवायची नाही ही अट मी तरी पाळणार होते. सोळा दिवस एका ओट्यावर दोन भाज्या शिजल्या. मी भरीत खाल्लं, काचऱ्या खाल्ल्या, वरणात घातली, भातात घातली. कांदा-लसूण मात्र वर्ज्यच ठेवलं, माझं भांडण वांग्यापुरतं होतं. शेवटी शेवटी मला वांगी बघवत नव्हती, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही. ताईला सगळं सांगितलं तेव्हा ती पाटी उतरवून खाली बसली आणि पोट धरून हसली. म्हणाली, "आमी तं जे निंगते ते खातो. देव का ताटात वाकून पायते?"

वसुबारसेला ब्लॉकचा ट्रॅक्टर आला. त्यांच्या मते अट मोडली होती. बाहेरची भाजी या घरात शिजली, हे त्यांचं म्हणणं. ती कुणी शिजवली, हे माझं. ब्लॉक फाटकाजवळ रचले गेले आणि कारागीर दिवाळीनंतर येणार होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी यजमान ओवाळून घ्यायला बहिणीकडे गेले. मी साडीचा पदर खोचला आणि एकेक ब्लॉक मागे वाहून नेला. वाफे पुन्हा वीतभर उंच केले, मुठीत माती दाबून बघितली, आणि कडेने ब्लॉक उभे गाडले. चारही वाफ्यांना पुरले. कंबर धरली, दोन नखं तुटली, पण मी लहान मुलीसारखी खूश होते. संध्याकाळी ते परत आले, सरळ मागे गेले. मी कोर्टातल्या भाषणाची तयारी ठेवली होती. त्यांनी पायाने एक ब्लॉक ढकलून पाहिला आणि म्हणाले, कोपऱ्यातला हलतो आहे. कारागिराला फोन त्यांनीच केला, येऊ नको म्हणून. गाडी अजूनही रस्त्यावर कडुनिंबाखाली उभी असते.

चंपाषष्ठीच्या सकाळी ते आंघोळ करून, सोवळं नेसून, ताट घेऊन मागे आले. नैवेद्याला वांगं हवं होतं. झाडांवर सात-आठ लागलेली होती. ते वाफ्याच्या कडेला थांबले, आत पाय टाकला नाही.

"कोणतं तोडू?" त्यांनी विचारलं.

या घरात काही ठरण्याआधी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. उत्तर मला माहीत होतं, पण मी लगेच दिलं नाही. त्यांना ताट घेऊन जरा वेळ तसंच उभं राहू दिलं.