गळ्यातली टेप

माझ्या दादाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, शिंप्याच्या दुकानातला कटर मास्तर. गिऱ्हाईक दारातून आत आलं की याला माप कळायचं, टेप नुसती खात्रीपुरती. मग एका गाडीवाल्याने चुकीच्या बाजूने येऊन त्याला उडवलं आणि उजव्या हाताचा अंगठा गेला.

खालच्या कोर्टाने भरपाईचा हिशेब काय केला, ऐका. डॉक्टरांनी लिहिलं, अपंगत्व पंधरा टक्के. झालं, मग कमाईही पंधरा टक्केच बुडाली म्हणे. अहो, कात्री काय करंगळीने धरायची? शिसारी आली मला. खाटकाच्या दुकानात तोलतात तसा माणसाचा अंगठा तोलला मेल्यांनी.

त्यात दुकानाच्या मालकांनी घोळ घातला. माणूस मनाने चांगला, पण साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, "अजूनही तेच आमचे मास्तर." का, तर दादाचा मान राखायचा. या धंद्यात रीतच आहे, हात थकला तरी मास्तर गळ्यात टेप घालून टेबलाशी उभा राहतो. दादाही रोज जायचा. उजवा हात खिशात, आणि नव्या कटरला "तिरपं जातंय" एवढं सांगायचं. पगार छदामही नाही. विमा कंपनीच्या वकिलाने त्याचा फोटोच आणला. बघा साहेब, कामावर आहे.

"अपील करू," आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "पण तोवर दुकानाची पायरी चढायची नाही."

दादा घरी बसला. भाड्यासाठी वहिनीच्या बांगड्या गेल्या. टेपेवाचून गळ्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं म्हणून हा टॉवेल टाकून घरभर फिरायचा. मी खेकसायचे, मग माझाच मला राग यायचा.

वरच्या कोर्टात त्याला पहिल्यांदा चारचौघांत हात खिशातून काढावा लागला. भरपाई वाढली. निकालात स्वच्छ लिहिलं, कटर म्हणून हा माणूस पूर्ण निकामी. आणि आम्ही त्यावर एकमेकांचं अभिनंदन केलं. थू.

संध्याकाळी मालक घरी आले. "मास्तर, उद्यापासून या. टेबल तुमचंच आहे."

"नको, मालक," दादा म्हणाला. "आता मी शिक्क्यानिशी निकामी. परत कुणी फोटो काढायचा."

मालक गेल्यावर त्याने खुंटीवरची टेप काढली, डाव्या हाताने नीट गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली. "घे, तुला शिवायला होईल."

मी घेतली. मला साधं बटणही लावता येत नाही, हे त्याला चांगलं माहीत आहे.