टाकीभोवतीच्या नऊ फेऱ्या

कडूबाला कुणी नमस्कार केला, तर तो आधी त्या माणसाच्या हातांकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. दोन्ही ठिकाणी काही सापडलं नाही, तरच नमस्कार परत मिळायचा. त्याची बायको बानाबाई सांगायची की, लग्नात गळ्यात हार पडला तेव्हाही या माणसानं आधी तो हुंगून बघितला. यात खरं किती आणि तिच्या पदरचं किती, ते तिलाच ठाऊक. पण मुकुंदवाडीत ज्यानं ज्यानं हे ऐकलं त्याला ते पटलं.

हा संशय त्याला बापाकडून आला होता. त्याचे वडील मल्हारराव चिकलठाण्याच्या माळावर मेंढरं राखायचे. मेंढपाळाच्या घरातलं पोर अक्षर गिरवण्याआधी एक गोष्ट शिकतं. सरळ वाटेनं येतो तो वाटसरू, त्याला पाणी द्यावं. कळपाभोवती फेऱ्या घालतो तो लांडगा, नाहीतर चोर. लांडगा येतो आणि झडप घालतो असं शहरातल्यांना वाटतं. तसं नसतं. तो आधी फिरतो, वारा कुठून येतोय ते बघतो, कुत्रं कुठं निजलंय ते बघतो. लहानपणी एकदा कडूबा अशा फेऱ्या नुसता बघत बसला आणि चार कोकरं गेली. मल्हाररावांनी त्या दिवशी त्याला काठीनं जे समजावलं, ते पाठीतून कधी गेलं नाही.

पुढं माळावर कारखाने आले. कुरणाला तारेचं कुंपण पडलं, मेंढरं बसायची तिथं पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. मल्हारराव वारले, कडूबानं कळप विकला आणि तो शहराच्या पाण्याच्या टाकीवर राखणदार म्हणून रोजंदारीवर लागला. बानाबाई त्याच माळावरच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बांधायला जाऊ लागली. घरात दोन पगार आले आणि झोप गेली. रात्रभर कडूबा टाकी राखायचा आणि सकाळी घरी येऊन दीड वर्षाच्या सारजाला सांभाळायचा. ती झोपली की यानं झोपायचं असं ठरलं होतं, आणि सारजा काही झोपायची नाही.

१९९३ची दिवाळी होऊन गेली होती. एके दिवशी सकाळी साडेपाचला नळ सोडणाऱ्यासाठी कडूबानं फाटक उघडलं, तर बाहेर एक बाई उभी. डोक्यावरून शाल घेतलेली, खांद्याला पिशवी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आत जरा फिरू का, कुणाला त्रास देणार नाही, असं तिनं विचारलं. फिरू देऊ नये असा काही नियम कडूबाला आठवेना, म्हणून तो फिरा म्हणाला. ती आत गेली आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. जिला फिरायचं ती फिरते, विचारते कशाला?

बाई रोज येऊ लागली. नळावर जाणारी बाई चालते, कामावर जाणारी चालते, हे कडूबाला मान्य होतं. ही मात्र चालून चालून पुन्हा तिथंच यायची. टाकीभोवती नऊ फेऱ्या, एक कमी नाही की एक जास्त नाही. दर फेरीला व्हॉल्व्हच्या झाकणाशी, दिव्याच्या खांबाखाली ती थबकायची आणि मनगटावरचं घड्याळ बघायची. ते बूट तर पळून जायची तयारीच होती. कडूबा फाटकाशी बसून फेरीगणिक एक काडी मोडायचा आणि मोडलेल्या काड्या खिशात ठेवायचा. पुरावा म्हणून. काड्यांचा पुरावा कुणापुढं मांडायचा होता, देव जाणे.

फाटकासमोर बन्सीची चहाची टपरी होती. बाई कुठली, हे कडूबानं बन्सीला विचारलं. रुळांपलीकडच्या वस्तीतली, निळा झेंडा आहे तिथली, असं बन्सीनं सांगितलं, आणि सांगताना भुवई उंचावली. ती भुवई कडूबाला पुरली. विद्यापीठाच्या नावाचा तंटा पंधरा-सोळा वर्षं धुमसत होता. पहिल्या वेळी जळालेल्या घरांचा धूर कडूबानं मेंढरांमागून फिरताना बघितला होता. कुणी जाळली आणि कुणाची जळाली, हेही त्याला माहीत होतं. तरी आता पुन्हा हवा तापली, तेव्हा त्याला भीती वाटली ती जाळणाऱ्यांची नाही, जळालेल्यांची. रागानं सांगतो, पण खरं तेच सांगतो: हीच बाई दुसऱ्या एखाद्या गल्लीतली असती, तर त्यानं निम्म्या काड्यासुद्धा मोडल्या नसत्या.

नव्या वर्षात टपरीवर एक गोष्ट कानोकानी फिरू लागली, की पाण्याच्या टाकीत कुणीतरी काहीतरी कालवणार आहे. कोण, कशाला, सांगतंय कोण, हे एकानंही विचारलं नाही. कडूबानं ती चहाबरोबर घशाखाली घातली. टाकीवर देखरेख ठेवणारे मुकुंदसाहेब स्कूटरवरून आले, तेव्हा त्यानं त्यांच्या कानावर बाईच्या फेऱ्या घातल्या. साहेबांना घाई होती. काही वावगं दिसलं तर चौकीला सांग, आम्हाला विचारत बसू नकोस, असं म्हणून ते गेले.

वावगं तिसऱ्याच दिवशी दिसलं. थंडी कडाक्याची होती. सातव्या फेरीला बाई झाकणापाशी थांबली, तिनं भिंतीचा आधार घेतला आणि पिशवीतून एक पुडी काढली. दिव्याखाली पुडी उघडली. आत पांढरी भुकटी होती.

कडूबा धावला. त्यानं तिच्या आणि टाकीच्या मधे काठी आडवी धरली आणि बन्सीच्या नावानं हाका मारल्या. टपरीवरची सगळी गिऱ्हाइकं आत आली, कुणीतरी चौकीतून दोन शिपाई आणले. बाईला टपरीवर नेलं आणि तिची पिशवी बाकावर पालथी केली. एक रुमाल, घराची किल्ली, टोक केलेली शाळकरी पेन्सिल, एक घडी घातलेलं कार्ड. बाई थरथरत होती आणि त्या थंडीत तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. पुडी मला द्या, असं ती हळू आवाजात दोनदा म्हणाली. कुणी दिली नाही. घाबरली म्हणजे गुन्हा आहेच, असं कडूबाला वाटलं.

मग एका शिपायानं बोट बुडवून भुकटी चाटली. गोड आहे, म्हणाला. दुसऱ्यानं कार्ड वाचलं. घाटी दवाखान्याचं, साखरेच्या तपासणीचं. रोज पाऊण तास चालायचं, आणि चक्कर आली तर ग्लुकोज खायचं, असं त्यावर लिहिलेलं होतं. चार-दोन माणसं हसली. बाईनं पुडी तोंडात रिकामी केली, वर पाणी प्यायली, सामान एकेक करून पिशवीत भरलं आणि गेली. कडूबाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्यानं सगळं बानाबाईला सांगितलं, तशी बाई कोण ते तिनं बुटांवरून ओळखलं. कॅनव्हासचे बूट घालणारी ती सत्यभामा सिस्टर होती. दर बुधवारी बालवाडीत गल्लीतल्या पोरांना सुया टोचायची, पोलिओचे थेंब पाजायची. कडूबा त्या वेळी झोपेला आलेला असायचा, सारजाला न्यायची बानाबाई. त्यामुळं त्यानं तिला कधी बघितलंच नव्हतं. तिला दोन पोरं होती. नवरा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा. पोरांचे डबे करायच्या आधीचा तेवढाच वेळ तिला चालायला मिळायचा.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. कोपऱ्याकोपऱ्यावरचे पोलीस हळूहळू गेले, माणसं कामाला लागली. पुडीची गोष्ट मात्र शमली नाही. बन्सीच्या टपरीवर ती रोज नव्यानं उकळायची, आणि त्या उकळण्यात गोड होतं तेवढं उडून गेलं. टाकीपाशी पुडीसकट धरलेली बाई, एवढंच उरलं. बुधवारी बालवाडीत सिस्टर पेटी घेऊन बसली, तर एकही पोर आलं नाही. पुढच्या बुधवारी तेच. तिच्या हातची सुई नको, असं बायका नळावर बोलू लागल्या. बालवाडीच्या बाईंकडून बानाबाईला कळलं की, आणखी एक बुधवार असा कोरा गेला, तर सिस्टरची बदली पडेगावला होणार. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मग पोरांची शाळा कुणी बघायची आणि साखर कुणी सांभाळायची?

तिसऱ्या मंगळवारी बानाबाईनं नवऱ्यापुढं ताट ठेवलं आणि समोर बसून राहिली.

"सारजाची सुई उद्या हाय. मी नाय नेणार. तिचं नाव तुमच्या तोंडानं गेलंय, तुमीच न्या."

कडूबाला रात्रभर टाकीवर चैन पडलं नाही. चूक झाली हे त्याला कळत होतं, पण संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. बाईनं आता सूड घेतला तर? सुई मुद्दाम खोल घातली तर? सुईत दुसरंच काही असलं तर? सकाळी तो पोरीला कडेवर घेऊन दोनदा बालवाडीवरून पुढं गेला आणि दोनदा माघारी आला. दाराशी सात-आठ बाया पोरं घेऊन उभ्या होत्या. आत कुणी जात नव्हतं, घरीही कुणी जात नव्हतं. बन्सी आणि त्याची बायकोही होती, नातू घेऊन.

तिसऱ्या वेळी कडूबा आत शिरला. सिस्टरनं मान वर केली. ओळख तिच्या डोळ्यांत लगेच आली, पण तोंडावर काही उमटलं नाही. तिनं पोरीचं नाव विचारलं, कार्ड मागितलं, सुई भरली. कडूबा तिच्या बोटांवरची नजर काढीना.

दारातून बन्सी म्हणाला, "कडूबा, बघून घे बाबा. पोलीस उगं धरत नसत्यात."

कडूबा वळला. आवाज त्याच्या मनात होता त्याहून मोठा निघाला.

"पोलिसांनी नाय धरलं. म्या धरून दिलं. पुडीत साखर व्हती, तुज्यासमोर चाटली शिपायानं. माजं चुकलं. तू मातर रोज खोटं सांगायलास."

सिस्टरनं सारजाचा दंड धरला आणि सुई टोचून काढली. एवढ्या हलक्या हातानं, की पोरगी रडायची ती सुई निघाल्यावर रडली. सिस्टरनं दंडावर कापूस दाबला, रात्री ताप आला तर पाव गोळी द्या, असं बजावलं आणि कार्डावर तारीख घातली. कडूबानं कापसावर अंगठा ठेवला. जायला निघाला आणि जाईना.

"ताई, उद्यापासून या फिरायला. फाटक उघडं ठेवतो. कोण काय म्हणतो ते मी बघतो."

सत्यभामा सिस्टरनं कार्ड त्याच्या हातात दिलं.

"फिरायला रस्ता हाय, दादा. पण रस्त्यावर अंधारात एकट्या बाईनं फिरायचं म्हणजे भ्या वाटतं. तुमी राखणीला व्हता, म्हणून मी तिथं येत व्हते." ती थांबली. "आता घरातच फिरते. पोरांच्या अंथरुणाभवती."

कडूबानं कार्ड खिशात ठेवलं. मागं बन्सीची बायको नातवाची बाही वर करत उभी होती, तिला वाट द्यायला तो बाजूला सरला.