नाणेघाटाचे गुरुवार

भाकरी करपल्याचा वास आला की भोसरीतली आमची भाड्याची खोली आठवते. नवरा वर्कशॉपमधून आला होता, साबणाने धुऊनही हातांचा ऑइलचा वास गेला नव्हता, आणि ओट्याला टेकून तो उत्साहाने सांगत होता, "यंदा जुन्नरकडचा नाणेघाट बाराही महिने बघायचा. पावसात, थंडीत, उन्हाळ्यात. मित्राची गाडीसुद्धा सांगून ठेवलीय, सगळे गुरुवार." भाकरी थापणारा माझा हात थांबला. एमआयडीसीतल्या त्याच्या वर्कशॉपची सुट्टी गुरुवारी, मी शिकवत होते त्या शाळेची रविवारी. लग्न झाल्यापासून आम्ही एक अख्खा दिवस बरोबर काढला नव्हता. "गुरुवारी कोण कोण जाणार?" मी विचारलं. "आपण दोघं," तो म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याला माझी शाळा आठवली. तव्यावरच्या भाकरीचा धूर निघू लागला, तरी मी ती उलटली नाही. "मित्रांबरोबर जा तुम्ही. मला सवय आहे." मग पुढे होऊन त्याने गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सव्वीस जानेवारीला थंडी असते. एक मेला ऊन, पंधरा ऑगस्टला पाऊस. तेव्हा वर्कशॉप बंद असतं." "मला झेंडावंदनाला जावं लागतं," मी अजून रागातच होते. "मग गाडी शाळेच्या गेटवरच आणतो." आज पुन्हा भाकरी करपली, तसा जुना आल्बम काढला. घाटातल्या प्रत्येक फोटोत माझ्या साडीवर शाळेतला कागदी झेंडा टाचलेला आहे.