बैलावरची जाहिरात

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मलकापुरातलं माझं दोरखंडाचं दुकान त्याहून नवीन होतं. भिंतीवर जाहिरात रंगवायची तर नगरपालिकेची परवानगी लागे, आणि ती येता येता दिवाळी उलटून जाई. म्हणून पोळ्याच्या सकाळी मी सासऱ्यांचा पांढरा बैल सजवायला मागून आणला आणि त्याच्या दोन्ही कुशींवर गेरूनं दुकानाचं नाव काढलं. वेशीवर पोळ्याच्या तोरणाखाली सगळं गाव वाचेल, असा माझा हिशेब. सासऱ्यांची अट एकच होती : तोरण तुटायच्या आत बैल जोडीदाराशेजारी उभा पाहिजे.

दुपारी वेशीकडे निघालो, तर दुकानासमोरच नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरनं कासरा धरला.

"परवानगी?"

"साहेब, हा बैल आहे."

"उभा आहे तोवर फलक. चालला की फिरती जाहिरात. परवानगी दोन्हीला लागते."

बैल हलवावा की उभा ठेवावा, मला कळेना. जप्त फलक गोदामात ठेवायचे, असा नियम. पण गोदामाच्या दारात शिंगं अडली. मग आम्ही कोंडवाड्यावर गेलो. तिथल्या रखवालदारानं बैलाभोवती एक फेरी मारली.

"हा मले नाही चालत, साहेब. मी बेवारस जनावरं ठेवतो. याच्या तं अंगावर पत्ता लिव्हला हाये."

"मग याला ठेवू कुठे?"

"तुमच्या घरी न्या ना. वैनी ओवाळतीन."

"मी पुसून टाकतो," मी म्हणालो.

"हात लावू नका. पुरावा आहे."

"मग सोडा."

"जप्तीतला माल सोडता येत नाही."

वेशीकडून डफडं ऐकू यायला लागलं. सासऱ्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला.

"सोडू नका, साहेब. धरूनच चला."

त्यांनी विचार केला. यात त्यांना नियमाविरुद्ध काही सापडेना. आम्ही घाईनं वेशीवर पोचलो, बैल जोडीदाराला लागून उभा राहिला, आणि मी श्वास सोडला.

"हा कोन होय, जवाईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

"नगरपालिकेचे साहेब. बैल त्यांच्या ताब्यात आहे."

सासऱ्यांनी बैलांना गुलाल लावला, तसाच साहेबांनाही लावला. तोरण तुटलं आणि जोड्या दारोदार निघाल्या. पहिल्याच घरी बाईंनी बैल ओवाळले आणि कासरा धरणाऱ्याच्या हातावर रिवाजाप्रमाणे बोजाऱ्याचं नाणं ठेवलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे मला घेता येतं का?"

"नियम तुम्हालाच ठाऊक, साहेब."

ते नाण्याकडे बघत उभे राहिले. बैल पुढच्या दाराकडे निघाला होता, आणि कासरा अजून त्यांच्याच हातात होता.