शेवटच्या वावरापर्यंत

भाचेजावयांचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर दाढी करत होतो. ‘मामा, वसुधा गेली...’ एवढंच बोलले. एका गालाला साबण तसाच, मी बसून राहिलो. त्याला आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला. उभी हयात पाटकरी होतो, पाटाचं पाणी पाळीनं वावरात सोडायचं माझं काम. लिहायची सवय नाही. पण बहिणीच्या या पोरीवर दुसरा कोणी लिहील तर चुकीचं लिहील, म्हणून मीच बसलो.

घरोघरी इंटरनेट नुकतं येत होतं तेव्हाची गोष्ट. वसुधा नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका लहान इंटरनेट कंपनीत इंजिनियर होती. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑफिस द्वारकेला आणि कारखाना नाशकातच, अंबडला, पण अंबडची लाइन दुसऱ्या कंपनीची. संध्याकाळी दोन्हीकडची माणसं कॉम्प्युटरवरून बोलायला लागली की शब्द तुटायचे. गिऱ्हाईक म्हणालं, महिनाभरात नीट करा, नाहीतर लाइन काढा. ते गेलं असतं तर वसुधाच्या ऑफिसला कुलूपच. त्या दुसऱ्या कंपनीचा मालक म्हणायचा, दोष तुमचा. ही म्हणायची, तुमचा.

मी विचारलं, ‘द्वारकेहून अंबड असं कितीक लांब हाय?’

‘मामा, आमच्याकडून निघालेलं आधी मुंबईला जातं, तिथून फिरून अंबडला येतं. संध्याकाळी त्या वाटेवर गर्दी.’

‘शेजारच्या वावराला पाणी द्यायला धरणापर्यंत उलटं नेता? लय शिकलेले तुम्ही!’

‘मधे त्यांचा बांध आहे ना. सरळ जोडू देत नाहीत.’

‘मग पाटाच्या दारावर पाणी मोजत भांडू नको. पाण्यावरून भांडणाऱ्या दोन्ही गावची माणसं मी शेवटच्या वावरात नेऊन उभी करायचो. तिथं पोचलं तेच पाणी.’

दुसऱ्या दिवशी पोरीनं त्या मालकाला स्कूटरवर मागे बसवून अंबडच्या कारखान्यात नेलं. मी रिक्षानं गेलो, न बोलावता. संध्याकाळी सहा वाजता त्यालाच द्वारकेच्या ऑफिसशी बोलायला बसवलं. तिकडून आलं, ‘हॅलो... हॅ... ऐकू...’ तो चिडला, ‘आमच्या मशीनवर तर सगळं ठीक दिसतंय!’

‘माझ्याही दिसतंय, साहेब. मग हे काय?’

त्याला पटलं. पंधरा दिवसांत दोन्ही कंपन्यांच्या तारा नाशकातच जोडल्या. पण त्याची गिऱ्हाइकं त्याच तारांवरून मोठमोठ्या फायली ओढायला लागली, आणि बोलणं पुन्हा तुटलं. वसुधानं नियम घातला... आधी बोलणं जाईल, फायली मागून. तो म्हणाला, ‘माझ्या लोकांनी थांबायचं?’ ही म्हणाली, ‘फाइल थांबली तर उशिरा पोचते. तोंडातला शब्द थांबला तर वायाच जातो.’ त्यानं मान्य केलं. गिऱ्हाईक राहिलं, ऑफिस राहिलं. तेव्हापासून दर शुक्रवारी ती आणि त्याचा माणूस मिळून सगळ्यात लांबच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन बसायचे. अक्कल माझी असेल, पण एक शुक्रवार चुकवला नाही तिनं.

गेल्या आठवड्यात कारखान्यातून मला फोन आला, शब्द पुन्हा तुटताहेत. मी द्वारकेला गेलो. तिच्या जागी आलेले साहेब म्हणाले, ‘आजोबा, आमच्याकडून सगळं ओके आहे.’ त्यांनी खुर्ची पुढे केली... तिचीच. मी बसलो नाही.

‘उठा,’ म्हटलं. ‘गाडी काढा. कारखान्यात जाऊ. त्या दुसऱ्या कंपनीवाल्यांनाही तिथंच बोलवा. मी येतोय.’