मिशी राहील का, डॉक्टर?

"काका, हा प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. कंबरेच्या हाडांपर्यंत गेलाय."

गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात, खुर्चीच्या कडेवर बसून मी हे ऐकलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. प्रोस्टेट म्हणजे काय ते त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला एक अक्रोडाएवढी ग्रंथी असते आणि लघवीची नळी तिच्यातून जाते. ग्रंथी वाढली की नळी आवळली जाते. माझ्या ग्रंथीत कॅन्सर होता.

उपाय त्यांनी लगेच सांगितला. हा कॅन्सर पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो आणि ते हार्मोन अंडकोषात तयार होतं. म्हणून अंडकोष काढायचे. त्या ऑपरेशनला ऑर्किडेक्टमी म्हणतात. त्याचं हे खाणं बंद झालं की कॅन्सर सुकत जातो. पूर्ण बरा होत नाही, पण माणूस वर्षानुवर्षं चालता-फिरता राहू शकतो.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला, "मिशी राहील का, डॉक्टर?"

हसू नका. तुमच्यावर वेळ येईल तेव्हा तुम्ही काय विचाराल ते मला सांगा! आमच्या मालवण किनाऱ्यावर मिशी उतरते ती बाप गेला की. माझी एकदाच उतरली होती, तेव्हा परत वाढेपर्यंत मी पंचा तोंडावर धरून फिरत होतो.

डॉक्टर म्हणाले, "आधी जगायचं बघू या ना, काका."

हे काही उत्तर झालं नाही. मी त्याचा अर्थ घेतला, मिशी जाणार. उठलो, बायकोला म्हटलं चल, आणि बाहेर पडलो. ते मागून काहीतरी सांगत होते. मी ऐकायला थांबलो नाही.

हे दोन हजार पाचचं. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. माझं नाव जनार्दन, किनाऱ्यावर सगळे जनू म्हणतात. जन्मभर रापण ओढली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून आम्ही पंचवीस-तीस गडी वाळूत ओळीने ओढतो. यात एक अडचण आहे. कोण दमला, कोण खोटा जोर लावतो, कोण सारखा सुरूच्या झाडांमागे जातो, हे सगळ्यांना दिसतं.

मी सारखा जायला लागलो होतो. जायचं, उभं राहायचं, आणि थेंब थेंब. परत येऊन दोर धरला की पुन्हा लागलीच.

"काय रे, झाडाक पाणी घालतंस काय?" वासू ओरडायचा. वासू माझा लहानपणापासूनचा जोडीदार, दोरावर माझ्या पुढचा गडी. सगळी ओळ खदाखदा हसायची. मीही हसायचो. आणि दुसऱ्या दिवशी पाणी पिणंच कमी करायचो.

उन्हाळी लागली असेल म्हणून कोकम प्यालो, सब्जा प्यालो, धन्याचं पाणी प्यालो. कंबर दुखायची, ती दोरामुळे असं धरून चाललो. असं वर्ष गेलं. वाचणाऱ्या पुरुषांनो, इथे थांबा आणि आपलं आपण आठवून बघा. रात्री चार-चारदा उठावं लागतं? धार बारीक झालीय? उभं राहून वाट बघावी लागते? बहुतेकांचं ते वयाचं साधं वाढणं असतं, गोळ्यांनी बरं होतं. पण साधं की वाईट, हे कोकमाच्या सरबताला कळत नाही.

एका सकाळी थेंबही येईना. पोट ढोलासारखं ताठ झालं. आयुष्यात वादळात सापडलोय, होडी उलटलेली बघितलीय, पण असं स्वतःच्याच कातडीत कोंडलं जाणं कधी अनुभवलं नव्हतं. बसवेना, निजवेना, ओरडायचीही लाज. जीप करून मला हॉस्पिटलात नेलं. तिथे कॅथेटर घातला, म्हणजे रबरी नळी आतपर्यंत सरकवली आणि पिशवी जोडली. पिशवी भरत गेली तसा मी रडायला लागलो, सुटल्याच्या आनंदाने. नर्सबाई म्हणाल्या, "सगळेच रडतात, काका."

मग तपासण्या. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारा एक पदार्थ मोजतात, तो माझा भलताच चढलेला. बायॉप्सी म्हणजे सुईने त्या ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायचे. सुई कुठून घालतात ते विचारू नका, कळेल तेव्हा कळेल, आणि वाटतं तेवढी ती वाईट नसते. पुढे हाडांचा स्कॅन. आणि बाकड्यावर बसून वाट बघणं. त्या बाकड्यावर आम्ही सगळे म्हातारे एकमेकांच्या पिशव्या न बघितल्यासारखं करून बसलेले असायचो. एकाने दुसऱ्याला काय झालंय विचारलं नाही.

तर डॉक्टरांच्या त्या खोलीतून मी मिशी वाचवून घरी पळून आलो. नळी आणि पिशवी घेऊनच.

त्यानंतरचे दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पिशवी पायाला बांधलेली, वरून लुंगी. पडवीत बसलो की समोर समुद्र, रापणीची आरोळी ऐकू यायची, आणि मी आपल्या घरातच बांधलेल्या बैलासारखा. कंबर ठणकायची. बाहेर जावं तर पिशवी दिसेल, आत बसावं तर भिंती अंगावर येतात. आरशात बघणं सोडलं, त्यामुळे दाढी वाढत गेली.

आणि इथेच घोळ झाला. आमच्याकडे कोळ्याच्या गालावर दाढी उगाच येत नाही. एक तर बायको गरोदर असते, कारण तेव्हा नवरा वस्तरा लावत नाही, नाहीतर नवस असतो.

वासू आला. कंबर धरली म्हणून हॉस्पिटलात नेलं होतं, एवढंच त्याला सांगितलेलं. पडवीत ऐसपैस मांडी घालून बसला आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

"दाढी रे? वैनी पोटुशी असा काय?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" आतून बायकोचा आवाज. सुमन माझी, मासळीबाजारात अख्खी रांग हिच्या तोंडाला घाबरते.

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "नवस बोललंय."

"खंयच्या देवाक?"

"नवस सांगूचो नसता."

वासू गंभीर झाला. हात जोडले त्याने. आणि मग उठेच ना. चहा झाला, दुसरा चहा झाला, बोटीच्या गोष्टी झाल्या. इकडे पिशवी भरत आलेली, पाय जड झालेला, हलावं तर लुंगीखालून दिसणार. मी घामाने थबथबलो. तो समोर बसून विचारतोय, "तुका कंबरेचा दुखणा कमी असा मां?" आणि मी म्हणतोय, "कमी असा, कमी असा." सख्ख्या भावापेक्षा जवळचा माणूस हाताच्या अंतरावर, आणि त्याने कधी एकदा जावं म्हणून मी देवाचा धावा करतोय.

तो गेला आणि सुमन बाहेर आली. पिशवी रिकामी केली, पाय पुसला. मग जी सुटली!

"ओ, मी लगीन तुमच्याशी केलंय, तुमच्या मिशयेशी नाय. मिशी ऱ्हवली आणि तुमी गेलास तर ती मिशी घेवन मी काय करू? फोटोक चिकटवू?"

मी लुंगी सारखी करत बसलो.

"लोक हसतले म्हणान मराक बसलास? मेल्यावर लोक चार दिस येतले. मगे ह्या पडवीत मी एकटीच."

एवढं बोलून ती रडली. पस्तीस वर्षांत मी तिला मासे उरले म्हणून, पोरीला सासरी पाठवताना, असं दोन-तीनदाच रडताना बघितलं होतं. मी म्हटलं, "उद्या जाव या." मिशी जाईल हे धरूनच म्हटलं. मनात मिशीला निरोपसुद्धा दिला.

ऑपरेशन छोटं होतं. कंबरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात, आपण जागेच असतो. मी छताच्या दिव्याकडे बघत पडलो होतो. मनात म्हटलं, चला, आता आपण कोण उरणार? संपलं तेव्हा हात आधी मिशीवर गेला. होती. वाटलं, उद्या गळेल. उद्याही होती.

राऊंडला डॉक्टर आले तेव्हा विचारलंच. ते म्हणाले, "एकदा आलेली मिशी या वयात जात नाही, काका. वाढ मंदावते, थोडी विरळ होते, एवढंच."

"मग हे तेव्हा सांगायला काय झालं होतं?" मी भडकलो.

"तुम्ही थांबलात कुठे?"

सुमन पदर तोंडाला लावून हसत होती.

पुढे काय होतं ते सरळ सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. बसल्या बसल्या अंगातून गरम लाट जाते, घाम फुटतो. हॉट फ्लश म्हणतात त्याला, बायकांना पाळी जाताना होतं तेच. सुमन म्हणाली, "आता कळला?" कळलं. जोर कमी होतो. नवरा-बायकोतलं ते संपतं, आणि त्याचं वाईट वाटतं, नाही वाटत म्हणणारा खोटं बोलतो. पण कंबरेचं दुखणं काही आठवड्यांतच उतरलं. ग्रंथी आकसली, नळी काढून बघितली, आणि हॉस्पिटलच्या संडासात मी माझ्या माझ्या जोराने मुतलो. आवाज बाहेरपर्यंत गेला असेल. जाऊ दे! बाहेर येऊन नर्सबाईंना हात जोडले.

दाढी मी काढली नाही. आधी नुसती खात्री करायला ठेवली, उगवतेय ना बघायला. विरळ, पांढरी, हळूहळू वाढणारी, पण उगवत होती. रापणीवर परत गेलो तेव्हा ती गळ्यापर्यंत आली होती. दोर ओढायला बंदी, म्हणून टोपल्या राखत वाळूत बसायचो.

"नवस कधी फेडतंस? कोंबो कधी?" पोरं-थोरं रोज विचारायची. कोंबडा कापायचं मी आज-उद्या करायचो. पिशवी सुटली होती, पण हे खोटं पायाला बांधलेलंच होतं.

एकदा जाळं अर्ध्यावर आलं असताना वासूने दोर सोडला आणि सुरूंमागे गेला. जाळं किनाऱ्याला लागलं तरी आला नाही. आला तेव्हा तोंड उतरलेलं. ओळीतून कुणीतरी ओरडलं, "वासू, झाडाक पाणी घालतंस काय?" सगळे हसले. वासूही हसला. ते हसणं मला चांगलंच ओळखीचं होतं.

माझ्या अंगातून लाट गेली, आणि ती हॉट फ्लशची नव्हती. मी उभा राहिलो.

"नवस-बिवस काय नाय माझो," म्हटलं. "माका कॅन्सर असा. मुताच्या जागेचो. माझे दोनय काढले. ही दाढी त्येच्यानंतरची असा, बघा, ओढून बघा होया तर! तुमी हसलास म्हणान मी वरीसभर गप ऱ्हवलंय. आता ह्येका हसू नकात."

मासे टोपलीत उड्या मारत होते. मग दोराच्या शेवटचा म्हातारा पुढे आला आणि त्याने खरंच माझी दाढी ओढून बघितली. "खरी असा," म्हणाला.

वासू त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, तोडली याने मैत्री. पण आठवड्याने बघतो तर त्याच्या गालांवर खुंट. "डॉक्टराची तारीख घेतलंय," एवढंच म्हणाला. "रिपोर्ट येयपर्यंत वस्तरो लावचंय नाय."

गोव्याच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. मला तपासणीला जायचं होतंच, दर तीन महिन्यांनी जावं लागतं, अजूनही. कंडक्टर ओळखीचा. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "दोघेय दाढीवाले? दोघांचीय बायको पोटुशी?"

मी तोंड उघडणार एवढ्यात वासूच बोलला. मोठ्याने, रापणीवरच्या आवाजात.

"नाय रे. मुताक होयना म्हणान वाढवलंय. डॉक्टराकडे चल्लंय."

अख्खी बस वळून बघायला लागली. वासूचे कान लाल झाले होते, पण त्याने मान खाली घातली नाही.

जरा वेळाने मागच्या सीटवरून एक अनोळखी माणूस उठला. माझ्याच वयाचा, गुळगुळीत दाढी केलेला, हातात छत्री. दांडी धरत धरत आमच्याजवळ आला आणि वाकून हळूच विचारलं, "खंयच्या डॉक्टराकडे?"

मी सरकून त्याला बसायला जागा दिली.